सांबऱ्याचा हवाई तळ: उजळाईवाडी सोडून बेळगावच का?

करवीर दप्तर (धागाकर्ता)

आपल्या कोल्हापूरच्या विमानतळाची, म्हणजे उजळाईवाडीची धावपट्टी 1939 ची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. बेळगावजवळच्या सांबऱ्याची 1942 ची, इंग्रजांच्या रॉयल एअर फोर्सनं बांधलेली. दोन्हींत सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. वयानं आपली पट्टी थोरली, पण हवाई दलाचा तळ झाला सांबऱ्याला आणि आपला माळ कैक वर्षं माळच राहिला. असं का झालं, यावर जाणकारांनी बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

मला जेवढं ठाऊक आहे ते आधी मांडतो. 1942 च्या सुरुवातीला इंग्रजांची पाचावर धारण बसली होती. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली आणि आपल्याकडं विशाखापट्टणम, काकीनाडा इथं बॉम्ब टाकले. त्या वर्षी हिंदुस्थानभर धावपट्ट्यांची कामं निघाली ती या धसक्यानं. पूर्वेकडचे तळ लढायला आणि पाठीमागचे, म्हणजे आपल्या बाजूचे, माणसं तयार करायला. सांबरा या दुसऱ्या प्रकारातला. माउंटबॅटनच्या हाताखाली 1943 मध्ये जी आग्नेय आशिया कमांड उभी राहिली, तिच्यासाठी सांबऱ्याला प्रशिक्षण चालायचं. पश्चिम किनाऱ्याच्या आत, घाटमाथ्यावर, बरी हवा, आणि जपान्यांचा हात पोचणार नाही इतकं लांब.

स्वातंत्र्यानंतर तळ आपल्या हवाई दलाकडं आला. 1961 ला गोवा मुक्तीच्या वेळी तिथून लढाऊ विमानं उडाली. त्यानंतर मात्र सांबरा म्हटलं की लोकांना आठवतं ते एअरमेन ट्रेनिंग स्कूल. दोन दिवसांची लढाई आणि मग कायमची शाळा, असा या तळाचा प्रवास. माझा एक अंदाज आहे, पण तो राखून ठेवतो. आधी तुम्ही बोला.

लक्षतीर्थ

उजळाईवाडीला तळ झाला असता तर गोकुळ शिरगावची एमआयडीसी कुठं बसवली असती आण्णा? झालं ते बरं झालं. चेष्टा ऱ्हाऊ दे, धागा लई भारी हाय. वाचतोय.

नकाशेवाला

इंग्रज जागा निवडताना आधी रूळ बघणार. बेळगाव पुणे–मिरज–लोंढा या थेट मार्गावर. पेट्रोलचे पिंप असोत, सिमेंट असो की सुटे भाग, वाघिणी सरळ येऊन उभ्या राहायच्या. कोल्हापूरला रेल्वे 1891 लाच आली, पण तो मिरजेपासूनचा फाटा. पुढं रस्ता बंद. आजही बंदच आहे, वैभववाडीची रेल्वे अजून कागदावरच धावतेय.

दुसरं म्हणजे बेळगावची छावणी. 1818 ला किल्ला इंग्रजांकडं गेला आणि तिथं पलटणी बसल्या. शंभर वर्षांहून जुनं कॅन्टोन्मेंट म्हणजे दवाखाना, पाणी, बराकी, बाजार, कंत्राटदार सगळं तयार. त्याच्या बाजूला धावपट्टी टाकली की झाला तळ. आपल्याकडं हे सगळं नव्यानं उभं करावं लागलं असतं.

आणि कोल्हापूर पडलं संस्थान. बेळगाव खालसा मुलखात, मुंबई इलाख्यात. कलेक्टरनं हुकूम काढला की जमीन ताब्यात. इथं दरबार, इंग्रजांचा रेसिडेंट, पत्रव्यवहार. त्यातून 1940 च्या नोव्हेंबरात राजाराम महाराज गेले. ज्यांना विमानांची हौस होती तेच राहिले नाहीत.

दाजीपूरची

नकाशेवाले दादा, संस्थानाचा मुद्दा मला पटत नाही. महाराज गेल्यावर गादीवर लहान मूल आणि कारभार रीजन्सीकडं, म्हणजे राजप्रतिनिधी मंडळाकडं. अशा वेळी इंग्रजांना हवं ते मिळवणं सोपं जातं की अवघड? वळिवड्याचं उदाहरण घ्या. 1943 ला पोलंडच्या निर्वासितांसाठी संस्थानाच्या हद्दीत अख्खी वसाहत उभी राहिली. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-मुलं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. त्याला दरबाराचा अडथळा आला नाही, मग धावपट्टीलाच कसा येईल?

नकाशेवाला

ताई, मुद्दा बिनतोड आहे. संस्थान हे कारण फार तर तिसऱ्या नंबरचं धरू. छावणीचं कारण मात्र मी सोडणार नाही.

लक्षतीर्थ

वळिवड्याचा विषय निघालाच हाय तर सांगतो. आमच्या गल्लीत एक म्हातारबा छातीठोक सांगायचे की उजळाईवाडीचं विमानतळ त्या पोलिश लोकांसाठीच बांधलंय, विमानं भरभरून गोऱ्या बायका उतरायच्या म्हणं.

दाजीपूरची

ही कथा मीही ऐकलीय, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ती व्हॉट्सॲपवर फिरवतं. पट्टी 1939 ची, वसाहत 1943 ची. चार वर्षं आधीच बांधून ठेवायला दरबारात ज्योतिषी बसले होते का? ती माणसं सैबेरियातून इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि वळिवड्याला रेल्वेनं उतरली. वसाहत 1948 पर्यंत होती. पुढं त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो तेच.

निळी टोपी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी गडहिंग्लज भागातला, हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त. सांबऱ्याला भरतीनंतरचं ट्रेनिंग केलंय, म्हणून दोन शब्द.

आमच्या वेळी आधी मुंबईला कॉटन ग्रीनला जायचं. लेखी, पळणं, मेडिकल. बरीच पोरं कानावर आणि डोळ्यावर गळायची. नाव लागलं की बेळगाव स्टेशनला पेटी घेऊन उतरायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या निळ्या ट्रकात बसायचं. ट्रक चालू झाला की घरचं नाव विसरायचं, पुढं सगळा कारभार नंबरानं.

सांबऱ्याला विमान चालवायला शिकवत नाहीत, हा लोकांचा मोठा घोळ असतो. गावाकडं अजून विचारतात, "मग विमान उडवलं का नाही?" तिथं एअरमन घडतो. पायलट वेगळीकडं. बेळगावला चालायला, उभं राहायला, सलामी द्यायला, रायफल धरायला, कपड्याची घडी घालायला शिकवतात. ते झालं की ट्रेडप्रमाणं कुणी तांबरमला, कुणी जलाहळ्ळीला, कुणी आवडीला. इंजिनाला हात लागतो तो तिथं.

ज्याला आपण बराक म्हणतो त्याला हवाई दलात बिलेट म्हणतात. लोखंडी खाटांच्या दोन रांगा, खाटेच्या पायथ्याशी पेटी. रात्री बूट घासत बसायचं. कापडाचा कोपरा पाण्यात बुडवायचा, पॉलिश घ्यायचं आणि टाचेवर, चवड्यावर लहान-लहान गोल फिरवत राहायचं. जोरात घासलं की चमक जाते, हळू फिरवलं की येते. सकाळी जीटीआय, म्हणजे आमचे ड्रिलचे मास्तर, बुटात स्वतःचं तोंड बघायचे. दिसलं नाही तर मैदानाला चकरा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते आजऱ्या-चंदगडकडच्यांना सांगायला नको. आदल्या रात्री चमकवलेला बूट परेड ग्राउंडवर पाच मिनिटांत मातीचा. तरी रोज घासायचा.

रविवारी आऊटपास मिळाला की बेळगावात. कुंदा खायचा, एसटीडीच्या रांगेत उभं राहून घरी फोन करायचा आणि वेळेआधी गेटवर हजर. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातली पोरं एकमेकांना बोलण्यावरून ओळखायची. "काय रं, कुठला तू?" एवढं पुरायचं.

करवीर दप्तर

काका, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं समजा. तुमच्या वेळी तिथं लढाऊ विमानं असायची का?

निळी टोपी

येऊन-जाऊन. पाहुण्यासारखी. कायमचं लढाऊ स्क्वाड्रन आमच्या काळात तिथं नव्हतं. आम्हाला विमान दिसलं की ड्रिल करताना मान वळायची आणि मान वळली की शिक्षा व्हायची.

सीमेवरचा

निपाणीकर. माझं आजोळ मुतग्याचं. सांबऱ्याच्या अलीकडचं गाव, बेळगावाहून पंत बाळेकुंद्रीला जाताना लागतं. आपल्याकडचे पंतभक्त दरवर्षी त्या रस्त्यानं जातात, विमानतळाच्या कुंपणाकडं किती जणांचं लक्ष जातं कुणास ठाऊक.

61 सालच्या डिसेंबरातल्या गोष्टी मामाकडून ऐकल्यात. बेळगावात मिलिटरी उतरायला लागली तेव्हा गावात समजलं होतं की गोव्याचं काहीतरी होणार. नक्की कधी ते कुणालाच नाही. मग एके सकाळी जेट उडाले. त्याआधी पंख्याची विमानं लोकांच्या अंगवळणी पडली होती, हा आवाज वेगळाच. मामांची म्हैस दाव्यासकट खुंटा उपटून पळाली ती थेट बाळेकुंद्रीच्या शिवारात सापडली. युद्ध संपलं तरी म्हैस दूध द्यायला तयार नव्हती, असं मामा सांगायचे. पोर्तुगीजांचं किती नुकसान झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, स्वतःचं बरोबर पाठ होतं.

नकाशेवाला

त्या सकाळचं थोडं सविस्तर लिहितो, कारण सांबऱ्याचं महत्त्व कळायला अंतरं कळली पाहिजेत.

18 डिसेंबर 1961, सोमवार. हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडं. मुख्य तळ पुण्याचा लोहगाव, पुढचा तळ सांबरा. लोहगाव ते गोव्याचा विमानतळ दाबोळी सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. सांबरा ते दाबोळी जेमतेम शंभर. जड बॉम्बफेकी विमानं मागच्या तळावर ठेवली आणि चपळ लढाऊ विमानं पुढं आणून बसवली, हा साधा हिशोब.

पहिल्या फेरीत बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली. काही मिनिटांत दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकून त्या परतल्या. नंतर आठ कॅनबेरांची दुसरी फेरी, विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची. हुकूम मात्र मोठा नाजूक होता: धावपट्टी फोडा, पण टर्मिनलला आणि बाकीच्या इमारतींना धक्का लावू नका. उद्या तो विमानतळ आपल्यालाच वापरायचा होता.

सांबऱ्याच्या वाट्याला बांबोळीचं बिनतारी केंद्र आलं. सहा हंटर विमानं गेली आणि रॉकेटं व तोफांनी केंद्र निकामी करून आली. हंटरच्या नाकाखाली 30 मिलिमीटरच्या चार तोफा असायच्या. गोव्याचा लिस्बनशी संपर्क तोडायचा तर हे केंद्र बंद पाडणं भाग होतं. सांबऱ्याहून बांबोळी म्हणजे हंटरला आठ-दहा मिनिटांचं काम. नाश्ता गार व्हायच्या आत परत.

आता गंमत बघा. नकाशावर लोहगाव आणि दाबोळी यांना पट्टी लावून रेघ मारा. ती रेघ गगनबावड्याला जवळपास चिकटून जाते. उजळाईवाडी त्या रेघेच्या पूर्वेला, बाजूला पडते. सांबऱ्याइतकं जवळ नाही, लोहगावइतकं मोठं नाही. आपली पट्टी त्या काळी 1370 मीटर धरली तरी रॉकेटं लादलेल्या हंटरला ती तोकडीच. 1942 ला छावणीमुळं सांबरा निवडलं गेलं आणि 1961 ला गोव्याच्या दारात असल्यामुळं कामाला आलं. दोन्ही वेळा कोल्हापूर मध्येच राहिलं.

दाजीपूरची

बांबोळी म्हणजे आता जिथं गोवा मेडिकल कॉलेज आहे तेच ना? सिंधुदुर्ग, चंदगडकडचे पेशंट तिथंच नेतात. त्या जागेवर रॉकेटं पडली होती हे मला आज कळतंय.

नकाशेवाला

तेच गाव, ताई.

लक्षतीर्थ

पर गोव्यात पोर्तुगीजांकडं लढाऊ विमानं होती तरी का? आमी ऐकलंय एकसुद्धा न्हवतं. मग वीस कॅनबेरा न् हंटर न्हेऊन काय पेरू पाडायचे होते?

करवीर दप्तर

नव्हतीच. पण त्या वेळी आपल्या गुप्तचरांनी कळवलं होतं की दाबोळीला एफ-86 सेबर जेटचं एक स्क्वाड्रन आहे. बातमी खोटी निघाली. आज घरात बसून हसायला सोपं आहे, पण ज्याच्या डोक्यावर जबाबदारी होती त्यानं ती बातमी खरी धरूनच तयारी करायची. शिवाय पोर्तुगाल नाटोचा सभासद. उद्या कुणी मदतीला आलं तर उतरायला जागाच नको, म्हणून आधी धावपट्टी.

एवढं करूनही धावपट्टी पुरती निकामी झाली नाही. त्या रात्री पोर्तुगीजांनी खड्डे बुजवले आणि दाबोळीला अडकलेली दोन प्रवासी विमानं अंधारात उडवून कराचीला नेली. त्यात काही अधिकारी आणि त्यांची बायका-मुलं होती. उरलेल्या तुकड्या धावपट्टीवरून एवढी मोठी विमानं काढणाऱ्या वैमानिकांचं कसब मानलं पाहिजे, शत्रूचे असले तरी. आणि खरं सांगायचं तर त्या विमानांना जाऊ दिलं गेलं नसतं आणि प्रवासी मेले असते तर जगभर आपली नाचक्की झाली असती. झालं ते दोन्ही बाजूंना सोयीचं.

निळी टोपी

चांगल्याबरोबर वाईटही लिहावं. त्या मोहिमेत आपल्याच दोन व्हॅम्पायर विमानांनी चुकून आपल्याच 2 शीख लाइट इन्फंट्रीच्या जागेवर रॉकेटं मारली. दोन जवान जखमी झाले. उलट दुसरीकडं खालच्या सैन्यानं आपल्याच एका हार्वर्ड विमानावर गोळ्या झाडल्या. जमिनीवरचा आणि वरचा यांचं बोलणं नीट जुळलं नाही की असं होतं. वायरलेसवाल्याची किंमत मला नोकरीत कळली ती अशा गोष्टी ऐकून.

बांबोळीला गेलेले हंटर 17 स्क्वाड्रनचे. हेच स्क्वाड्रन पुढं कारगिलला होतं, आणि आता राफेल घेऊन अंबाल्याला आहे. सांबऱ्याच्या पोरांना हे सांगितलं की त्यांची छाती फुगते.

विमाननगरचा पाहुणा

मूळचा राजारामपुरीचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. लोहगावाशेजारी राहतो, त्यामुळं सुखोई रोज डोक्यावरून जातं. फोनवर बोलताना "थांब, विमान जाऊ दे" हे इथल्या प्रत्येकाच्या तोंडी.

लोहगावचा तळ 1939 चा, म्हणजे आपल्या उजळाईवाडीच्या बरोबरीचा. मुंबईच्या रक्षणासाठी रॉयल एअर फोर्सनं केला. महायुद्धात इथं स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन. 1947 ला आपल्याकडं आला. पुढं कॅनबेरा आल्या, त्यांचं नकाशेवाल्यांनी लिहिलंच आहे. 1987 मध्ये मिग-29 आलं, 1997 मध्ये पहिली सुखोई-30 इथंच दाखल झाली, आणि 2002 च्या सप्टेंबरात सुखोई-30 एमकेआयचं पहिलं स्क्वाड्रनही इथंच. 8 जून 2006 ला राष्ट्रपती कलाम इथूनच सुखोईत बसले. 25 नोव्हेंबर 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटीलही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, साडीऐवजी वैमानिकाचा जी-सूट घालून. जळगावच्या लेकीनं आम्हा पुणेकर-कोल्हापूरकरांची जिरवली म्हणायची.

पण तळ शेजारी असण्याचा दुसरा अर्थही असतो. धावपट्टी हवाई दलाची, आपण पाहुणे. 2021 च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी दोन आठवडे पुण्याची सगळी प्रवासी उड्डाणं बंद होती. जवळपास इमारत बांधायची तर उंचीला हवाई दलाची ना हरकत लागते. उजळाईवाडीला तळ झाला असता तर आपल्या एमआयडीसीच्या चिमण्या आणि उपनगरातले टॉवर यांचं काय झालं असतं, याचा विचार करा.

लक्षतीर्थ

बघा! मी पयल्याच प्रतिसादात बोललो हुतो.

दाजीपूरची

एक शंका. आमच्या शाळेत एका सरांनी मुलांना सांगितलं की 65 आणि 71 लासुद्धा सांबऱ्यातून पाकिस्तानवर हल्ले झाले. खरं आहे का?

नकाशेवाला

ताई, पुन्हा अंतरच बघा. सांबरा ते कराची साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. हंटरसारख्या विमानाला तेवढं जाऊन, लढून, परत येणं जमणारं नाही. त्या वेळी आपल्या हंटरना हवेत इंधन भरायची सोय नव्हती. 1971 च्या 4 डिसेंबरला कराचीजवळच्या केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या त्या हंटरनीच, पण ते उडाले होते जामनगरहून. जामनगर ते कराची चारशे किलोमीटर. कॅनबेराची मजल लांबची, त्यामुळं पुणे उपयोगी राहिलं. सांबरा कुठल्याच हिशोबात बसेना.

धागाकर्त्यांनी अंदाज राखून ठेवलाय, तो बहुतेक हाच असावा.

करवीर दप्तर

हाच. लढाऊ तळ सरहद्दीच्या जोरावर जगतो. सांबऱ्याला जवळची परकी सरहद्द एकच होती, गोव्याची. 19 डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासाल्लो इ सिल्वानं शरणागतीवर सही केली आणि त्याबरोबर सांबऱ्याची लढाऊ गरजही संपली. ज्या मोहिमेनं तळाचं नाव झालं तिनंच त्याचं काम काढून घेतलं. उत्तर-पश्चिमेला पठाणकोट, हलवारा, आदमपूर, जामनगर, भुज या तळांची वर्दळ वाढत गेली, कारण त्यांची सरहद्द तिथंच राहिली.

पण म्हणून सांबरा वाया गेला असं मी म्हणणार नाही. 1942 ला तो प्रशिक्षणासाठीच झाला होता. मधले ते दोन दिवस हाच अपवाद, आज तिथं जे चालतं ते मूळचंच काम. आणि हवाई दल म्हणजे नुसते पायलट नव्हेत हे निळी टोपी काकांनी वर सांगितलंच आहे. एका विमानामागं किती हात लागतात ते त्यांना विचारा.

विमाननगरचा पाहुणा

भुजचं नाव आलं म्हणून. 1971 ला भुजच्या तळाची जबाबदारी स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्याकडं होती, नागपूरचे. पाकिस्तानी बॉम्बांनी धावपट्टी फुटली तेव्हा जवळच्या माधापर गावातल्या तीनशेच्या आसपास बायकांनी तीन दिवसांत ती दुरुस्त केली. वरून दिसू नये म्हणून हिरवी लुगडी नेसायची आणि भोंगा वाजला की झुडपात लपायचं. धावपट्टीवर शेण सारवून ती झाकायची. दाबोळीला पोर्तुगीजांनी एका रात्रीत खड्डे बुजवले, भुजला आपल्या बायकांनी तीन दिवसांत. धावपट्टी फोडायला बॉम्ब लागतो, बुजवायला पाटी-फावडं पुरतं. म्हणूनच पुढं विमानं जमिनीवरच मारायचा प्रयत्न वाढला. 1965 च्या 6 सप्टेंबरला पाकिस्तानी सेबरनी पठाणकोटला उघड्यावर उभी असलेली आपली विमानं जाळली, तो धडा महागात पडला. विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधण्यावर त्यानंतर जोर आला.

खानापूर रोड

सगळं ठीक आहे, पण वर प्रत्येकानं बेळगाव बेळगाव लिहिलंय. सरकारी नाव आता वेगळं आहे. आणि ते विमानतळ महाराष्ट्रात नाही, याची आठवण ठेवा.

सीमेवरचा

आम्ही आजोळाला ज्या नावानं हाक मारतो त्याच नावानं मारणार. 1956 ला आम्हाला कुणी विचारलं होतं का? मुतग्यात, सांबऱ्यात, बाळेकुंद्रीत घरात काय बोलतात ते येऊन ऐका एकदा, मग

संपादक मंडळ

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे, तिकडं जा. इथले पुढचे नऊ प्रतिसाद तिकडं हलवले आहेत. हा धागा हवाई तळाचाच राहू द्या.

लक्षतीर्थ

संपादकांनी म्हैस खुंट्याला बांधली. चला पुढं.

मला एक सांगा, दाबोळीचं काय झालं मग? आपण जिंकलं, टर्मिनल न फोडता घेतलं. आता तर गोव्यात मोपाचं दुसरं विमानतळ झालंय.

नकाशेवाला

दाबोळी नौदलाकडं गेलं. आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आधी कोइमतूरला होता, 1964 मध्ये तो दाबोळीला आणला. तेव्हापासून गोव्याला जाणारा पर्यटक उतरतो तो नौदलाच्या धावपट्टीवर. सकाळी नौदलाचा सराव असला की प्रवासी विमानांना वेळ मिळत नाही, ही गोव्याची जुनी तक्रार, पुण्यासारखीच. मोपा काढण्यामागं तेही एक कारण होतं. 2023 च्या जानेवारीत ते सुरू झालं.

तिकडं सांबऱ्यात उलटं झालं. तळाचं शाळेत रूपांतर झाल्यामुळं नागरी विमानांना मोकळीक मिळाली. धावपट्टी 2300 मीटरची केली, 2017 मध्ये नवं टर्मिनल झालं. आपण कोल्हापूरकर मध्ये कित्येक वर्षं विमान पकडायला बेळगावला जात होतोच की. उजळाईवाडीची पट्टी अलीकडं 1930 मीटर झाली, टर्मिनल 2024 च्या मार्चमध्ये.

दाजीपूरची

2019 च्या महापुरात मात्र आपल्या पट्टीनं काम केलं. हायवे पाण्याखाली, रेल्वे बंद. शिरोळ तालुक्यात नौदलाच्या बोटी फिरत होत्या, वर हेलिकॉप्टर. तेव्हा मला वाटलं होतं, तळ नसला तरी धावपट्टी गावाजवळ असणं किती मोठी गोष्ट आहे. सैनिक टाकळीसारखी गावं, जिथं घरटी माणूस फौजेत, तीच पाण्यात होती.

कळंबा कट्टा

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या धाकट्या भावाची अग्निवीर वायूसाठी निवड झालीय, पुढच्या महिन्यात सांबऱ्याला हजर व्हायचंय. निळी टोपी काका, काही सूचना? आणि घरच्यांना आत जाऊन बघता येतं का?

निळी टोपी

अभिनंदन, पोरा. भावाला सांग, आतापासून रोज पहाटे उठून पळायला जा, आणि नवे बूट घालूनच पळ. तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात पोरं लंगडतात ती पळून नाही, बुटानं. केस इथंच बारीक करून जा. गोड खायची सवय असेल तर कमी कर. फोन हातात राहील या भरवशावर राहू नको, आईला आधीच समजावून ठेव की रोज फोन येणार नाही. हिंदी बोलायची लाज वाटत असेल तर आतापासून बोल. आपल्या पोरांना सगळं येत असतं, हिंदीत उत्तर द्यायची वेळ आली की गप्प बसतात आणि मागं पडतात.

घरच्यांना एरवी आत सोडत नाहीत. पासिंग आऊट परेडला बोलावतात, तेव्हा जा. पास आणि ओळखपत्र गेटवर तपासतात, तेव्हा कोल्हापुरातून पहाटेच निघा, निपाणीच्या पुढं हायवेवर कुठं काम चालू असतं सांगता येत नाही. आत फोटो काढू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि जेवणाचा डबा घेऊन जाऊ नका, परत आणावा लागतो.

कळंबा कट्टा

आई आत्ताच चिवडा करायला बसलीय.

निळी टोपी

चिवडा चालतो. बिलेटमध्ये पोचला तर पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही, तेव्हा जास्त करायला सांग.